पलतडच्या माउलीचं नाव

आमच्या आयेच्या तोंडून महाराष्ट्र हा शब्द मी कधी ऐकला नाही. ती पलतड म्हणायची. खाडीच्या अलीकडे पेडण्यातलं आमचं गाव, पलीकडे तिचं माहेर आणि मध्ये पाणी. भरतीला रुंद, ओहोटीला दोन्हीकडे चिखल आणि मधून एक धार. आमच्या परसात भेंडीचं झाड होतं, त्याच्याखाली उभं राहिलं की तिच्या भावाच्या घरामागचे माड दिसत. सकाळी पेजेचं आधण चुलीवर ठेवायचं, परसात जाऊन पलतड बघून यायचं आणि मग आम्हांला हाका मारायच्या, हा तिचा नेम. "पलतड आज धूर दिसणा नाय, वयनी आजारी आसतली," असं ती सांगे, आणि होडीवाला पुढे कधीतरी तेच सांगत येई. गावाचं नाव मी मुद्दाम घालत नाही. ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांची नातवंडं गावात आहेत, आणि त्यांतली काही अजून माझ्याशी बोलतात.

मी मराठी चौथी शिकलो, तीही पुरती नाही. मोठी माणसं गोव्याचा इतिहास लिहितात तसा मला लिहिता यायचा नाही आणि लिहायचाही नाही. पण मागच्या ग्रामसभेत एक पोरगा सगळ्यांच्या देखत मला म्हणाला, "तुमी विलीनीकरणवाले. तुमी गोंय विकूंक काडिल्लें. तुमी आमकां गोंयकारपण शिकोवं नाकात." हा गणूकाकाचा नातू. गणूकाका म्हणजे माझ्या बाबांचा चुलतभाऊ. पोराच्या अंगावर गोव्याचा नकाशा छापलेली बनियन होती, आणि त्याच्या बापाने वरचा काजूचा डोंगर दिल्लीच्या माणसाला विकून टाकल्याला अजून पुरता पावसाळा गेला नव्हता. मी उठून उत्तर देणार, तर म्हणाले वेळ संपली. म्हणून लिहायला बसलो. कागदाची वेळ संपत नाही.

मी लहान होतो तेव्हा इकडे फिरंग्याचं राज्य आणि तिकडे इंडिया. खाडीवर दोन्ही बाजूंनी पहारा. काही सालं अशी गेली की येणंजाणं साफ बंद. बटाटे कुठल्या कुठल्या देशांतून बोटीने यायचे, साखर मिळायची, पण पलतडचे कुळीथ येईनासे झाले, आणि कुळथाच्या पिठीशिवाय आयेला जेवण म्हणजे जेवणच वाटत नसे. सकाळी पोदेर पाव घेऊन यायचा, त्याच्या सायकलचा भोंपू वाजला की आम्ही पोरं धावायचो. आये म्हणायची, "पाव खावन पोट भरता, तोंड भरणा नाय." सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर टाकायचा, वर खोबरेल तेलाचे थेंब, आणि उकड्या तांदळाची पेज. तो वास आणि खाडीच्या चिखलाचा वास मला अजून वेगळे करता येत नाहीत.

त्याच सालांत एकदा ती पलतड बघायला गेली आणि परत आलीच नाही. पेज उतू गेली. आम्ही परसात गेलो तर ती झाडाखाली जमिनीवर बसलेली. पलीकडच्या काठावर मामा उभा होता. त्याने ओरडून सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं. त्याने नुसती डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. डोकं तुळतुळीत, मिशी नाही. आपला बाप गेला हे तिला असं कळलं. मामा बराच वेळ तसाच उभा राहिला, मग टोपी घालून गेला. फिरंग्याचा शिपाई आमच्या बाजूला बंदूक घेऊन होता, त्यानेही तोंड दुसरीकडे केलं.

आता गाऱ्हाण्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावरच अडलं. आमच्या सातेरीच्या देवळात जत्रेला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. माझे बाबा, सखाराम, दोन्ही हातांत नारळ धरून देवीसमोर उभे राहायचे आणि एकेका दैवताला नाव घेऊन हाक मारायचे. गावची सातेरी, वेशीवरचा राखणदार देवचार, मुळपुरुष, आणि शेवटी पलतडची माउली. माउली ही आमच्या सातेरीची बहीण. प्रत्येक नावाला सगळा गाव एका आवाजात जाप द्यायचा, "व्हय म्हाराजा." जाप आली नाही तर गाऱ्हाणं पुढे सरकत नाही, नारळ ठेवता येत नाही. आणि जाप गावाने द्यायची, गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या घरातल्याने नाही. स्वतःच विचारायचं आणि स्वतःच हो म्हणायचं असं देवासमोर चालत नाही. बायका डावीकडे खांबांच्या मागे उभ्या राहत, त्या हात जोडत, पण जाप पुरुषांची.

जत्रेला माउलीची ओटी होडीने पलीकडे जायची. पहारा आल्यावर ओटी बंद पडली, पण नाव बंद पडलं नाही. फिरंग्याचा पोलीस देवळाच्या पायरीशी उभा असे आणि माझे बाबा त्याच्यासमोर खणखणीत आवाजात पलतडच्या देवीला हाक मारत. त्याला भाषा कळत नव्हती म्हणा. पण आमच्या गावची चार माणसं त्याची खबरी होती, त्यांना कळत होतं. त्यांनीसुद्धा कधी सांगितलं नाही. हे मी ठासून लिहितो. परक्याच्या राज्यात जे नाव कुणी अडवलं नाही ते आमच्याच माणसांनी अडवलं.

फिरंगी गेला. होड्या सुरू झाल्या. आये माहेरी जाऊन आली ती कुळथाचं गाठोडं डोक्यावर घेऊन. आणि मग काही सालांनी विचारणा आली, की गोवा महाराष्ट्रात घालायचा की वेगळा ठेवायचा, दिल्लीच्या हाताखाली. त्याला सगळे ओपिनियन पोल म्हणायचे. महाराष्ट्रासाठी फूल आणि वेगळं राहायचं असेल तर दोन पानं, अशी चिन्हं. आमचं घर फुलाचं. त्यात विचार करण्यासारखं आम्हांला काही वाटलंच नाही. शाळेत शिकलो ती मराठी, जत्रेला दशावतारी यायचे ते पलतडहून, आयेचं माहेर पलतड, देवीची बहीण पलतड. मला मत नव्हतं, वय कमी होतं. पण दगडी गडग्यांवर चुन्याने फुलं काढायला वय लागत नाही. गणूकाका तर खिशाला अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, लावून फिरायचा. गावातला दुकानदार विश्रामशेट पानांचा. त्याने दुकानाच्या दारावर आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, बांधले होते.

"गणू, तुझा फूल सांजेक सुकता रे," शेट गल्ल्यावरून म्हणायचा.

"सुकांदे. तुमची पानां बकरी खाता, ती बघा आधी."

खरंच एकदा बकरीने टाळा ओढला, आणि महिनाभर गावाला तो विषय पुरला. तोवर सगळं असं हसतखेळत होतं. विश्रामशेट मूर्ख माणूस नव्हता. तो म्हणायचा, "मोठ्या घरात धाकटी सून होवन जावचा, आणि आमच्या व्हाळावरचो सांकव मोडलो तर मुंबयक कागद धाडूचो?" ओढ्यावरच्या पुलाचं हे बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं, एवढं मी आज कबूल करतो. त्यापेक्षा जास्त नाही.

मतदानाआधी गणूकाका घरी आला. आम्ही सोप्यावर पेज जेवत होतो. आयेने त्यालाही वाढली. त्याने ताटाला हात लावण्याआधीच विषय काढला.

"दादा, देवळात नारळ ठेवया. तू गाऱ्हाणा घाल, आमकां महाराष्ट्रात ने म्हणान. सगळो गाव व्हय म्हाराजा म्हणतलो. मगे कोणाची छाती जातली पानार शिक्को मारूक?"

बाबांनी तोंडातला घास संपवला. ते घास तोंडात असताना बोलत नसत. "गाऱ्हाण्यात पाऊस मागतत, पीक मागतत, पोर मागतत. राज्य मागणत नाय."

"कित्याक? देवीक जमाचा नाय?"

"जमतला. पण उद्या विश्राम नारळ घेवन इलो आणि तेना पानां मागली, तर तिना कोणाचा आयकाचा? ती तुझी एकट्याची आवस काय?"

"तू फुलाचो की पानांचो ता सांग."

"मी फुलाचो. देवी कोणाची नाय."

गणूकाका पेज तशीच टाकून उठला. आमच्याकडे वाढलेल्या पेजेवरून उठणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखं. मला तेव्हा बाबांचा राग आला होता. एवढा मान हातात असून माणूस वापरत नाही म्हणजे काय, असं वाटलं होतं.

निकाल लागला. आमच्या पेडण्याने फूल दिलं, तिकडे डिचोलीनेही फूल दिलं, पण एकूण गोवा पानांच्या बाजूने गेला. डिचोलीतल्या सर्वणला माझी मावशी दिलेली, तिच्याकडे त्या दिवशी चूल पेटली नाही. विश्रामशेटने दुकानासमोर फटाके लावले. गणूकाका चौकात उभा राहून सांगत सुटला, "आमच्या दादान गाऱ्हाणा घातला नाय म्हणान हरलव." आणि लोक माना डोलवत होते. साऱ्या गोव्यातली माणसं मतं देऊन आली, आणि आम्ही हरलो ते म्हणे आमच्या वाड्यावर एक नारळ ठेवला नाही म्हणून. अशा डोक्यांना काय म्हणावं.

जत्रा तोंडावर होती. विश्रामशेट देवळाच्या कमिटीवर होता. तो एका संध्याकाळी पायऱ्या चढून आला, चपला बाहेर काढून, रीतीने. आयेने त्याला गूळपाणी दिलं.

"सखाराम, ह्या जत्रेक गाऱ्हाण्यातला पलतडचा नाव गाळ."

"कित्याक?"

"निकाल लागलो. आता ता वेगळा राज्य, आमी वेगळे. नाव घेतलास की लोकांक परत आशा लागता, परत भांडणां. एकदा सांगला ता सांगला."

"विश्राम, मत घातलंस त्या कागदार फूल होता?"

"होता."

"पानां होती?"

"होती."

"माउलीचा नाव होता?"

शेटने गुळाचा खडा तोंडात टाकला.

"मगे ती कशी हरली?"

"माका बोलण्यात धरू नको. कमिटीन ठरयलां. ता नाव घेतलंस तर आमच्याकडची जाप येवची नाय. आणि जाप नाय तर गाऱ्हाणा नाय, आणि गाऱ्हाणा नाय तर मान कित्याक होयो तुमच्या घराक?"

एवढं बोलून त्याने पाणी पिऊन भांडं पालथं ठेवलं आणि गेला. बाबा आयेला म्हणाले, "पानांचे गप रवतले, रवांदे. फुलाचे आसत. त्यांची जाप पुरे." त्यांना खरंच तसं वाटत होतं. गाव फुलाचा होता. मलाही तसंच वाटत होतं.

जत्रेच्या दिवशी दुपार कलल्यावर देवळात पाऊल ठेवायला जागा नव्हती. खाज्यांची दुकानं लागलेली, ढोल थांबलेले, अगरबत्त्यांचा धूर. बाबांनी नारळ दोन्ही हातांत धरला. सातेरीचं नाव घेतलं. "व्हय म्हाराजा." देवचाराचं घेतलं. "व्हय म्हाराजा." मुळपुरुषाचं घेतलं, कौलं हलावीत अशी जाप आली. मग त्यांनी थोडा श्वास घेतला आणि म्हटलं, "आणि पलतडच्या माये माउली, पाणी मधी आसा तरी तू आमची आणि आमी तुझी, तुझ्या भयणीच्या जत्रेक तुझो हात आमच्यार आसांदे म्हाराजा."

जाप आली नाही.

पानांचे गप्प होते, ते ठरलेलंच होतं. पण फुलाचेही गप्प. मी गणूकाकाकडे बघितलं. तो वर वाशांकडे बघत होता, जसं काही तिथे पाखरू बसलंय. त्याच्या मागे ज्यांनी महिनाभर माझ्याबरोबर गडगे रंगवले होते ते सगळे जमिनीकडे बघत होते. महाराष्ट्रासाठी घसा फोडणाऱ्यांना महाराष्ट्रातल्या देवीसाठी तोंड उघडवेना, कारण त्यांना माझ्या बाबांना धडा शिकवायचा होता. मी घरचा, माझं तोंड रीतीने बांधलेलं. बाबा नारळ धरून उभे.  ते एका जाग्यावर उभे होते आणि परत ती ओळ म्हणायला तयार नव्हते, कारण देवीला दोनदा विचारत नाहीत.

तेवढ्यात डावीकडच्या खांबामागून आवाज आला. बारीक, पण सगळ्या देवळाला ऐकू जाईल असा. "व्हय म्हाराजा."

आमची आये. पदर डोक्यावर, हात जोडलेले, नजर देवीवर. शेजारच्या बायका तिच्यापासून हातभर मागे सरकल्या. बाबांनी वळून बघितलं नाही. त्यांनी पुढची ओळ घेतली, गाऱ्हाणं पुरं केलं आणि नारळ ठेवला.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. बाबांना बोलावलं, मी बरोबर गेलो. विश्रामशेट आणि गणूकाका एका बाकावर बसले होते. महिनाभरापूर्वी एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते ती माणसं.

"घरच्या माणसाची जाप," शेट म्हणाला, "ती पण बायलेची. ता गाऱ्हाणा जावक नाय. परत घाल, ता नाव सोडून. आणि तिना देवीकडे माफी मागाची."

बाबा मला म्हणाले, "जा, तुझ्या आवशीक घेवन ये."

आये हात पुसतच आली. तिला सगळं सांगितलं. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"मी ह्या घरची म्हणान जाप देवक नाय," ती म्हणाली. "मी पलतडची म्हणान दिलंय. तुमी सगळे मुके झालास. तिच्या गावचा एक तरी माणूस हय होता, तेना दिली. माफी कसली?"

"वयनी, रीत आसा ती आसा," गणूकाका म्हणाला.

"भावोजी, तुमी फूल खिशाक लावन फिरी होतास. तिच्या राज्यात जावचा होता तुमका. तिचा नाव इला तेव्हा तुमची वाचा खंय गेल्ली?"

गणूकाका लाल झाला. बाकावरून उठून त्याने आवाज चढवला. तो म्हणाला, "दादा, बायलेक आवर. नायतर मान सोड, घालूक दुसरे आसत."

बाबा उठले. "घाल तू," एवढंच म्हणाले. रस्त्यात आये म्हणाली, "मी गप रवलंय आसतंय तर मान गेलो नसतो." बाबा म्हणाले, "मान गेलो नसतो. बाकी सगळा गेला आसता."

पुढच्या जत्रेला गणूकाका नवं धोतर नेसून उभा राहिला. सातेरी, देवचार, मुळपुरुष, आणि तिथेच नारळ खाली. सगळ्या गावाने दणदणीत जाप दिली. जो माणूस आम्हांला पलीकडे न्यायला निघाला होता त्याने मानासाठी पलीकडच्या देवीचं नाव गिळलं, आणि त्याच्या नातवाने आज मला गोंयकारपण शिकवावं. विलीनीकरणवाले म्हणे. होतोच आम्ही. मत मागितलं, मत दिलं, हरलो. त्यात लाजण्यासारखं काय आहे? लाज त्यांनी धरावी ज्यांना जिंकल्यावरही पुरलं नाही आणि हरल्यावरही सूड सुचला. आये त्यानंतर पाय चालत होते तोवर दरसाल स्वतः होडीतून ओटी घेऊन गेली. तिला कुणी अडवलं नाही, सोबतही कुणी आलं नाही. मी वल्ही मारायचो.

पुढे बऱ्याच वर्षांनी गोव्याचं राज्य झालं. विश्रामशेट तोवर काठी टेकत चालायचा. स्वतः पेढे घेऊन आमच्याकडे आला. "सखाराम, बघ, राज्य झाला. तिकडे गेलव आसतव तर आज एक जिल्हो आसतो, बस." बाबांनी पेढा घेतला. "बरा झाला," म्हणाले. "राज्य नको असा मी कधी म्हटलां? आता तुमचा राज्य झाला, कोण काढून घेणा नाय. आता तरी तिचा नाव घेवक देवा." शेट म्हणाला, "ती जुनी गजाल आता कित्याक काढतंस?" बाबांनी अर्धा पेढा खाल्ला होता, उरलेला बशीत ठेवला आणि बशी शेटच्या पुढे सरकवली.

ते जत्रेला शेवटपर्यंत जात होते. नारळ द्यायचे, हात जोडायचे, पण व्हय म्हाराजा त्यांनी परत कधी म्हटलं नाही. सगळा गाव गर्जायचा आणि ते तोंड मिटून उभे. मीही तसाच उभा राहतो. आता गणूकाकाचा तोच नातू गाऱ्हाणं घालतो, मुळपुरुषापर्यंतच, माइक लावून, फोनवर त्याचं चित्रण चालू असतं. देवीला ऐकू जायला माइक कशाला लागतो ते त्याला माहीत. ह्या जत्रेला तो नारळ ठेवून माझ्याजवळ आला. त्याला वाटलं म्हातारा बहिरा झालाय. माझ्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "आजोबा, तुमी जाप कित्याक दिवंक ना? व्हय म्हाराजा म्हणपाचें आसता."

मी म्हटलं, "तू गाऱ्हाणा पुरता घाल, मगे म्हणतंय."